अंदाजाचे दोन रकाने

"हिरवा आला," शिरगुप्पे सर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

पडद्यावर हिरव्या चौकटीत एकच आकडा होता. सव्वादोन तास. डॉ. मार्था गायकवाड यांनी छातीवर लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवला, आकडा वाचला आणि चष्मा पुन्हा खाली सोडला.

"म्हणजे सव्वादोन तासांत औषध निम्मं होतंय."

"हो मॅडम."

"आणि मला काही टाकावं लागलं नाही."

"काही म्हणजे काही नाही. रक्ताचे आकडे मशीनमधून थेट येतात, अंदाज प्रोग्रॅम स्वतः बांधतो, उत्तर समोर." सरांनी हात असे पसरले, जसं काही टोपीतून कबूतर काढलंय. कबूतर माझं होतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मिरजेच्या त्या हॉस्पिटलची ऑर्डर मिळाली असती तर आमची दोन खोल्यांची कंपनी तगणार होती. नाहीतर सर सांगलीला मेहुण्याच्या पंपांच्या दुकानात बसणार होते आणि मी पुन्हा टायपिंगच्या क्लासात.

मी बी. ए. झाले ती मराठी घेऊन. कॉम्प्युटरशी माझी गाठ त्या टायपिंग क्लासातच पडली. मालकाला तो चालवता येईना, म्हणून मी चालवायला लागले. मग तो बिघडला की उघडायला लागले. मग त्याच्या पोटात काय चालतं ते वाचायला लागले. इंग्रजी पुस्तकातला एकेक परिच्छेद मला भाकऱ्यांच्या एकेका परातीइतका वेळ खायचा. शिरगुप्पे सरांनी मला घेतलं तेव्हा ते इंजिनिअर होते आणि मी बाई होते, असं त्यांचे मित्र म्हणायचे. वर्षभरात ते हिशेब आणि गिऱ्हाइकं बघायला लागले, आणि प्रोग्रॅम माझ्याकडे आला.

प्रोग्रॅमचं काम सांगायला सोपं. काही औषधं अशी असतात की रक्तात कमी पडली तर रोग आटोक्यात येत नाही आणि साचून राहिली तर औषधच माणसाला खातं. म्हणून डोस दिल्यावर थोड्या थोड्या वेळानं रक्त काढायचं आणि औषध किती उरलंय ते मोजायचं. कागदावर ते ठिपके उतरत जाताना दिसतात. त्या ठिपक्यांमधून एक वळणदार रेष काढली की कळतं, हे शरीर औषध किती वेगानं बाहेर टाकतंय. त्यावरून पुढचा डोस.

अडचण रेष काढण्यात होती. कॉम्प्युटरला ती एका फटक्यात सापडत नाही. त्याला आधी सांगावं लागतं, बाबा, इथून कुठूनतरी सुरू कर. जागा जवळची असली तर तो सरकत सरकत बरोबर रेषेवर येतो. लांबची असली तर भलत्याच खड्ड्यात जाऊन बसतो, आणि वाईट म्हणजे, तिथूनही सापडलं म्हणूनच सांगतो. म्हणून आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अंदाजाचे दोन रकाने होते. सुरुवातीला औषध किती असेल, आणि ते किती वेगानं उतरत असेल. ते भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

डॉक्टर लोक त्या दोन रकान्यांना वैतागले होते. मला वेळी-अवेळी फोन यायचे. "कुमुदताई, काय टाकू?" मी फोडणीवर झाकण ठेवून विचारायची, "ठिपके कसे पडलेत?" ते सांगायचे, पहिला वर, मग जरा खाली, मग आडवेच चाललेत. मग मी म्हणायची, "वर तीस धरा, उतार सावकाश." रेष यायची. या फोनला कंटाळूनच मी आठ महिने खपून नवा प्रोग्रॅम केला होता. तो स्वतःच ठिपके बघायचा, सगळ्यात वरचा ठिपका ही सुरुवात धरायचा, त्याच्या आणि पुढच्या ठिपक्यामधल्या उतारावरून वेग धरायचा आणि कामाला लागायचा. एखादा ठिपका फारच भलतीकडे असला तर त्याला कमी किंमत द्यायची, हेही मी त्याला शिकवलं होतं. रकाने गेले. पडद्यावर फक्त उत्तर. आलेख बघायचा असेल तर दुसऱ्या पानावर.

"पेशंटचं वय बासष्ट," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. "लघवीतला जंतू रक्तात गेलाय. ताप हटत नाही. शरीर औषध इतकं भराभर टाकत असेल तर आपण देतोय ते कमी पडतंय. चारचा डोस वाढवते."

तीन वाजून गेले होते.

"त्यांना तंबोरेवाले म्हणतात ना इथे," त्या पुढे म्हणाल्या. "दस्तगीर नावाचे."

"आमच्या खालचे दस्तगीरचाचा?" मी विचारलं.

आमचं ऑफिस त्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली दिवसभर भोपळे, रोगणाचा वास आणि तारा छेडल्याचा आवाज. दोन दिवस दुकान बंद दिसत होतं. मला वाटलं होतं, लेकीकडे सोलापूरला गेले असतील.

"औषध कुठलं चाललंय त्यांना?"

डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणूनच तर मोजतेय. हे साचलं तर आधी मूत्रपिंड धरतं, मग कान. आणि कान गेला की गेला, तो परत आणता येत नाही. पण कमी दिलं तर उद्या कान कुणाचा वाचवायचा, हाच प्रश्न पडेल."

"मी जरा भेटून येऊ?"

"डोसच्या आत या. मला तुमची सही लागेल, चाचणी झाली म्हणून."

वॉर्ड लांब नव्हता. दस्तगीरचाचा कोपऱ्यातल्या खाटेवर होते. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली फुगवटा. डाव्या हाताला सलाइनची सुई, पट्टीनं जखडलेली. उजवा हात पांघरुणाच्या आत, पोटाशी धरलेला, जसं काही त्यात कुणाची ठेव आहे.

"ये बेटी," ते म्हणाले. "वरचं कारखानं बंद ठेवून आलीस?"

"कारखाना इथंच आणलाय. तुमच्याच रक्ताचा हिशेब चाललाय माझ्या डब्यात."

"मग बरोबर कर. तुझ्या त्या डब्याला सूर कळत नाही, निदान हिशेब तरी कळू दे."

"कळतो. ताप कसाय?"

"ताप आहे आपला. कानात जरा..." ते थांबले. "जरा रातकिडा बसल्यासारखं वाटतं. असू दे. ताप उतरला की जाईल."

मी हात पुढे केला, तर त्यांनी उजवा काढलाच नाही, मान हलवून हसले. "हा नाही बाहेर येणार. सगळ्या सिस्टरनी मागून झाला. याच्यात कानस धरतो मी. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या हाडाच्या पट्टीवर, जवारी लावताना, तार गुंजावी म्हणून, केसाएवढं हाड घासून काढायचं असतं. इथं सुई घुसून हात थरथरायला लागला तर माझ्या पोटापाण्याचं काय?"

खाटेच्या दुसऱ्या बाजूला रूथ सिस्टर चादर ओढत होत्या. वॉर्डच्या त्या सिनिअर, बोलायला खरखरीत. "हट्टी आहेत नुसते. पाणी पीत नाहीत, लघवी नाही. सकाळपासून लघवीची बाटली तळाला आहे."

"पितो की," चाचा म्हणाले.

मी तिथून निघाले ती पाय उचलूनच निघाले. जिन्यावर माझ्या डोक्यात फक्त ती तळाची बाटली होती. मी डॉक्टर नव्हते. पण आठ महिने मी हेच वाचत होते की हे औषध बाहेर जातं ते लघवीवाटे, दुसरी वाट त्याला नाही. बाटली रिकामी आणि औषध सव्वादोन तासांत निम्मं. मग ते जातंय कुठे?

डॉक्टरांच्या खोलीत सर एकटेच होते. मी माउस घेतला आणि दुसरं पान उघडलं.

चार ठिपके होते. पहिला खूप वर. दुसरा धाडकन खाली. तिसरा आणि चौथा त्याच्यापेक्षा थोडेच खाली, जवळजवळ आडव्या रांगेत. माझ्या प्रोग्रॅमनं काढलेली रेष पहिल्या दोघांतून सरळ घसरली होती आणि शेवटच्या दोघांच्या बरीच खालून निघून गेली होती. त्या दोघांना त्यानं भलतीकडचे ठरवलं होतं. त्यांची किंमत कमी करायला मीच शिकवलं होतं.

"आता हे कशाला?" सर म्हणाले.

मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला. त्यात जुना प्रोग्रॅम होता. चारही आकडे भरले. दोन रकाने उघडे पडले. फोनवर कुणी मला हे ठिपके सांगितले असते तर मी काय म्हणाले असते? पहिला एक वर, मग आडवेच चाललेत. मी पहिल्या रकान्यात पंचवीस टाकले, दुसऱ्यात सावकाश उतार.

रेष आली. मागच्या तीन ठिपक्यांतून दोरा ओवावा तशी गेली. पहिला ठिपका एकटाच वर लटकत राहिला. खाली आकडा होता, अकरा तास.

"ताई," सर हळू आवाजात म्हणाले, "हे मिटवा."

"सर, दोन उत्तरं येताहेत."

"ते मला दिसतंय. आज त्या सही करणार आहेत. उद्या आपण दोघं बसू, दुरुस्त करू, नवीन आवृत्ती देऊ. त्यांना कळायचंही नाही."

"चारला डोस आहे."

"डोस डॉक्टर देताहेत. आपण देत नाही. त्यांना त्यांचं शास्त्र आहे, त्या बघतील की."

"काय बघतील? मी बघायला काही ठेवलंच नाही."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या खिशात त्या दिवशी पेढ्यांचा पुडा होता, मला नंतर कळलं. त्यांनी फक्त लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात दार उघडलं.

"मगदूम बाई, सही," डॉक्टर मला म्हणाल्या. त्यांच्या हातात डोस वाढवल्याचा कागद होता. सरांनी झाकणावरचा हात काढला. का काढला ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

"मॅडम, जरा इकडे बघाल का?" मी दोन्ही पडदे त्यांच्याकडे वळवले. "आकडे तेच. इथे सव्वादोन तास, इथे अकरा."

त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच दोन्हीकडे बघितलं. "अकरा तास खरे असतील तर चारचा डोस वाढवायचा नाही, थांबवायचा."

"हो."

"कुठलं खरं?"

"मला माहीत नाही."

"प्रोग्रॅम तुम्ही केलाय."

"प्रोग्रॅम सुरुवातीवर चालतो. पहिला ठिपका खरा असेल तर पहिली रेष. पहिला ठिपका खोटा असेल तर ही."

"ठिपका खोटा कसा असेल? रक्त आहे ते. यंत्र मी स्वतः तपासलंय सकाळी." आवाज चढला नव्हता, पण त्या आता माझ्याशी बोलत नव्हत्या, माझ्यावर बोलत होत्या. "अंदाज सांगू नका मला. डोस थांबवला आणि ताप मेंदूत गेला, तर त्या माणसाच्या घरी काय सांगू? कॉम्प्युटरवाल्या बाईंना रेष आवडली नाही?"

मी ठिपक्याकडे बघितलं. वर एकटा, कुणाशी संबंध नसल्यासारखा. आणि मला पांघरुणाच्या आतला तो हात आठवला.

"चाचा उजव्या हाताला सुई लावू देत नाहीत," मी म्हणाले. काय म्हणतेय ते मला पुरतं कळलं नव्हतं. "डॉक्टर, मग रक्त कुठून काढतात त्यांचं?"

डॉक्टरांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि रूथ सिस्टरना वर बोलावलं.

"सकाळच्या डोसनंतरचं पहिलं रक्त कुणी काढलं?"

"सकाळच्या पाळीच्या मुलीनं," रूथ सिस्टर म्हणाल्या. "मी नव्हते तेव्हा."

"कुठल्या हातातून?"

"डाव्या. म्हातारा उजवा देईना. रडायला आला म्हणे, हात जोडले. मग तिनं सलाइनच्याच नळीतून ओढलं. मी आल्यावर तिला बोलले मी. पुढची तीन मी पायातून घेतली. पायाला काही बोलले नाहीत."

"ज्या नळीतून औषध गेलं, त्याच नळीतून रक्त."

"हो डॉक्टर."

डॉ. मार्था खुर्चीत बसल्या. डोस वाढवल्याचा कागद त्यांनी आडवा केला, मग उभा केला, मग चार तुकडे करून खिशात घातला. "नळीत उरलेलं औषध आलं त्याच्यात," त्या कुणाला उद्देशून नाही असं म्हणाल्या. मग उठल्या. "पण हाही आपला तर्कच. मला आत्ताचं, ताजं रक्त हवंय. उजव्या हातातून. पाय आता सुजलेत, शीर मिळायची नाही. चारचा डोस आकडा येईपर्यंत अडवून ठेवा. रूथ, चला."

"ते देणार नाहीत," रूथ सिस्टर म्हणाल्या.

"मगदूम बाई देववतील."

आम्ही तिघी गेलो. चाचांनी सिरिंज बघितली आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"हा नाही," ते म्हणाले. "पाहिजे तर मानेतून काढा."

"चाचा, ऐका," मी खाटेवरच टेकले. "तुम्हाला जे औषध देताहेत ते कानावर जातं. तो रातकिडा तापाचा नाही, औषधाचा असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी मान डोलावली.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही तापात होता. हो हो म्हणालात."

"ते अजून किती साचलंय ते बघायचंय," मी म्हणाले. "तुमच्या डाव्या हातातल्या नळीनं आम्हाला फसवलं. कमी साचलं असेल तर जास्त द्यावं लागेल. जास्त साचलं असेल तर थांबवावं लागेल. चुकलं तर एकीकडे जीव, एकीकडे कान."

"तुझा डबा काय म्हणतो?"

"डबा दोन्ही म्हणतो. म्हणून तर आले."

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई आमच्याकडे तोंड करून बसली होती. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं.

"हात गेला तर पोरगा शिकलाय थोडंफार, तो करील," चाचा शेवटी म्हणाले. "कान गेला तर त्याला शिकवणार कोण?"

उजवा हात पांघरुणातून बाहेर आला. तळव्यावर कानशीचे घट्टे होते आणि अंगठ्याच्या पेरात रोगणाचा तांबूस डाग, न जाणारा. रूथ सिस्टरनी पट्टा आवळला. सुई जाताना चाचांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मलाही बघावं लागलं. तो हात जराही हलला नाही.

आकडा यायला तासभर लागणार होता. शिरगुप्पे सर व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

"समजा तुमचं चुकलं," ते म्हणाले.

"तर मी टायपिंग शिकवीन."

"आणि त्यांचं?"

सरांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला, बघितला आणि पुन्हा खिशात ठेवला. "आमच्या हिनं दिला होता," ते म्हणाले. "सही झाली की डॉक्टरांना द्या म्हणाली." पलीकडच्या दारातून रूथ सिस्टर डोसचा ट्रे फडक्यानं झाकून परत नेताना दिसल्या. चार वाजून गेले होते, पाच वाजायला आले होते. एकदा वॉर्डातून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो, मग पुन्हा बसलो.

डॉक्टर स्वतः आल्या. हातात चिठ्ठी होती. त्यांनी ती मला दिली नाही. आत जाऊन लॅपटॉपसमोर बसल्या आणि पाचवा आकडा स्वतः भरला. ठिपका पडला. माझ्या हातानं काढलेल्या त्या सावकाश रेषेवर, अगदी तिच्या अंगावर.

"आजचा डोस बंद," त्या रूथ सिस्टरना म्हणाल्या. "पाण्याचं बघा. तापासाठी दुसरं चालू करू, कानाला न लागणारं. महाग आहे, पण मी बोलते ऑफिसशी."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता आभार मानतील. त्यांचा तो स्वभाव नव्हता.

"तुमचा जुना प्रोग्रॅम मला अजिबात आवडायचा नाही," त्या म्हणाल्या. "दर वेळी विचारायचा, किती असेल, किती वेगानं उतरेल. मी चिडायचे. पण काहीतरी भरायला ठिपके बघावे लागायचे. ठिपके बघितले की विचारावंसं वाटायचं, हा असा का पडला? आज मला कुणी काही विचारलंच नाही. हिरवा रंग आला, मी पेन काढलं."

"मॅडम, एवढं दुरुस्त करून देतो," सर म्हणाले. "सुरुवातीचा अंदाज जास्त हुशार करू. पाच ठिकाणांहून सुरू करू."

"करा. पन्नास ठिकाणांहून करा. पण ते दोन रकाने मला परत पाहिजेत. प्रोग्रॅमनं भरले तरी चालतील. भरून त्यानं मला दाखवावेत, ठिपक्यांच्या शेजारी. आणि थांबावं. मी हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नये."

"लोकांना थांबलेलं आवडत नाही मॅडम."

"मला पण नाही आवडत," डॉ. मार्था म्हणाल्या. "मग, देता का?"

आम्ही दिले. त्यांची ऑर्डर मिळाली, लगेच नाही, पण मिळाली. इतर दोन हॉस्पिटलं मात्र आमच्याकडून गेली. त्यांना दुसऱ्या कुणाचा न विचारणारा प्रोग्रॅम बरा वाटला. कंपनी तगली, फुगली नाही. आता ती दुसऱ्या गावच्या मोठ्या कंपनीत गेलीय आणि मी घरी बसून त्यांना सल्ले देते. ते दोन रकाने अजून तिथे आहेत. दर वर्षी कुणीतरी हुशार पोरगं ते काढायला निघतं आणि मला फोन येतो.

दस्तगीरचाचा महिन्याभरानं दुकानात आले. वाळले होते. लोक भेटायला येत होते, चहा चालला होता, पण दुकानातून तारेचा आवाज येत नव्हता. मला माडीवर बसून ते ऐकू यायचं, म्हणजे न येणं ऐकू यायचं. मी जिन्यावरून जाता-येता आत बघायची. तंबोरे भिंतीला टेकलेले, ते समोर बसलेले, हात मांडीवर.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बेटी, तुला सूर कळतो का?"

"चाचा, शाळेत मला प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे."

"उत्तम. तूच पाहिजेस. बस."

त्यांनी एक नवा तंबोरा मांडीवर घेतला. उजव्या हातानं खुंटी पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली. आवाज वर चढत चढत एका जागी आला. मग ते घोडीच्या मागे वाकले. तिथे तारेत एक छोटा मणी ओवलेला असतो. खुंटीनं सूर जवळ आणायचा, उरलेलं मण्यानं. मण्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ते घाबरले होते. सुईला न घाबरलेला माणूस.

"आता ऐक." त्यांनी तार छेडली. "हा एक." मग बोटानं मणी काहीतरी सरकवला, सरकला की नाही तेही मला दिसलं नाही. पुन्हा छेडली. "हा दुसरा. काही फरक कळला?"

मी अगदी प्रामाणिकपणे कान दिला होता. "नाही चाचा. दोन्ही एकच वाटले."

"पुन्हा ऐक. अंदाजानं बोलू नकोस."

पुन्हा दोन्ही ऐकवले. मी पुन्हा मान हलवली. "नाही. मला तर काहीच फरक कळला नाही."

त्यांनी तार तशीच वाजत ठेवली. ती विरत गेली, आणि विरून गेल्यावरही ते कितीतरी वेळ मान तिरकी करून ऐकत राहिले.

"मला कळला," ते म्हणाले, आणि कानशीसाठी उजवा हात पुढे केला.